त्सुनामी, स्वयंसेवक आणि संगणक : ‘सहाना’ प्रणालीच्या जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आपत्तीच्या काळात मदतीचा अभाव हीच एकमेव समस्या नसते. आलेली मदत योग्य ठिकाणी, योग्य वेळी न पोहोचणे ही समस्याही तितकीच गंभीर असते. अनेक संस्था एकाच गावाकडे धाव घेतात आणि शेजारचे गाव दुर्लक्षित राहते. स्वयंसेवक मोठ्या संख्येने येतात. परंतु त्यांपैकी डॉक्टर किती, दुभाषे किती व वाहनचालक किती, याची नोंद कोणाकडेच नसते. अशा स्थितीत सद्भावना हीच गोंधळाचे कारण ठरू शकते. स्वयंसेवी कार्याच्या समन्वयासाठी संगणकीय साधन निर्माण करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न श्रीलंकेत झाला. प्रस्तुत लेखात ‘सहाना’ या प्रणालीचा उगम, विस्तार व मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

उगम

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपामुळे हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. श्रीलंकेत ३०,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि लाखो लोक बेघर झाले. शासनाने कोलंबो येथे राष्ट्रीय कार्यवाही केंद्र स्थापन केले. बेपत्ता व्यक्ती, निर्वासित छावण्या आणि देशोदेशींच्या मदत संस्था यांच्या नोंदी ठेवणे हे काम अल्पावधीतच कागदी याद्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

या प्रसंगी श्रीलंकेतील संगणक व्यावसायिक स्वयंस्फूर्तीने पुढे आले. लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या आधाराने त्यांनी अल्पकाळात एक प्रणाली उभी केली. सिंहली भाषेत ‘सहाना’ या शब्दाचा अर्थ दिलासा असा होतो. प्रणाली मुक्तस्रोत ठेवण्यात आली. म्हणजे तिची मूळ संहिता कोणासही वापरता, तपासता व बदलता येत होती. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. स्वयंसेवकांच्या कार्याचा समन्वय साधणारे हे साधन स्वतःच स्वयंसेवकांच्या श्रमातून घडले होते.

रचना

‘सहाना’ची रचना स्वतंत्र विभागांत केलेली होती. एका विभागात बेपत्ता व सापडलेल्या व्यक्तींची नोंद होई, जेणेकरून नातेवाइकांना छावणी-छावणी हिंडावे लागू नये. दुसऱ्या विभागात कोणती संस्था कोठे व कोणते काम करीत आहे याची नोंद असे. तिसऱ्यात छावण्यांची ठिकाणे व तेथील लोकसंख्या, तर चौथ्यात मदतीची मागणी व उपलब्धता यांची सांगड घातली जाई. या रचनेमागील विचार साधा होता. कोणतीही संस्था दुसऱ्या संस्थेच्या आज्ञेत राहण्यास सहसा तयार नसते. मात्र दुसरी संस्था काय करीत आहे हे तिला दिसले, तर ती आपले काम आपणहून बदलू शकते. येथे समन्वयाचा आधार आदेश हा नसून परस्परांना उपलब्ध असलेली माहिती हा होता.

पहिली आवृत्ती घाईत तयार झाली होती. त्यामुळे २००५ मध्ये स्वीडिश विकास साहाय्य संस्थेच्या निधीतून, अन्य देशांतही वापरता येईल अशा रीतीने, प्रणालीची नव्याने बांधणी करण्यात आली.

विस्तार

ऑक्टोबर २००५ मधील भूकंपानंतर पाकिस्तानात, २००६ मध्ये फिलिपिन्समधील दरड दुर्घटनेनंतर व इंडोनेशियातील योग्यकर्ता येथील भूकंपानंतर ‘सहाना’चा उपयोग करण्यात आला. २००६ या वर्षासाठीचा, सामाजिक हिताच्या प्रकल्पाला दिला जाणारा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार या प्रकल्पास लाभला. २००९ मध्ये ‘सहाना सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही स्वतंत्र ना-नफा संस्था आकारास आली आणि जानेवारी २०१० मधील हैतीच्या भूकंपानंतरही ही प्रणाली कार्यान्वित झाली.

महाविद्यालयीन शिक्षणाच्या दृष्टीने या इतिहासातील एक घटना महत्त्वाची आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी २००६ पासून ‘सहाना’च्या कामात भाग घेतला आणि तिच्यासाठी स्वयंसेवक व्यवस्थापनाचा विभाग विकसित केला. स्वयंसेवकाचे कौशल्य, त्याची उपलब्धता व त्याला दिलेले काम यांची नोंद हे या विभागाचे प्रयोजन होते. संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम आणि समाजोपयोगी कार्य यांची अशी सांगड तेथे घातली गेली.

मर्यादा

तथापि माहितीची देवाणघेवाण झाली म्हणजे समन्वय साधलाच, असे मानता येत नाही. श्रीलंकेचा उत्तर व पूर्व भाग त्या काळी यादवी संघर्षाने ग्रस्त होता. मदतीच्या संयुक्त वाटपासाठी शासन व तमिळ वाघ संघटना यांच्यात जून २००५ मध्ये करार झाला; परंतु पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदींना स्थगिती दिली. मदत कोणाच्या अधिकारात वाटावी, हा प्रश्न कोणतीही संगणक प्रणाली सोडवू शकत नव्हती. शिवाय, संघर्षग्रस्त प्रदेशात व्यक्तींची नावे व ठिकाणे नोंदवणारी यादी नातेवाइकांना जितकी उपयुक्त, तितकीच चुकीच्या हाती पडल्यास घातक ठरू शकते.

याच त्सुनामीत तामिळनाडूतील नागपट्टिनम जिल्ह्यात ६,००० हून अधिक लोक मरण पावले. तेथे स्वयंसेवी संस्थांनी जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने समन्वय केंद्र चालवले. त्या केंद्राचा मुख्य आधार प्रत्यक्ष बैठका, गावागावांतील कार्यकर्ते व स्थानिक मच्छीमार संघटनांशी असलेला पूर्वपरिचय हा होता. दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली असता असे दिसते की, नोंदीचे साधन आणि नोंदीवर विश्वास ठेवणारा समाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली काही आठवड्यांत उभी राहू शकते. दुसरीस वर्षे लागतात.

निष्कर्ष

‘सहाना’च्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समन्वयाचे साधन आपत्तीनंतर घडवण्यापेक्षा आपत्तीपूर्वी घडवून सरावात ठेवणे अधिक हितावह असते. दुसरी, स्वयंसेवकांचा उत्साह ओसरल्यावर प्रणालीची देखभाल कोणी करावी, याचे उत्तर आरंभीच शोधावे लागते. स्वतंत्र संस्थेची स्थापना हे ‘सहाना’ने शोधलेले उत्तर होते. तिसरी, माहिती कोणाची, ती कोण पाहणार व केव्हा नष्ट करणार, हे प्रश्न तांत्रिक नसून नैतिक आहेत.

भारतातील महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना कार्यरत आहे. स्वयंसेवकांचे एवढे मोठे मनुष्यबळ ज्या शिक्षणव्यवस्थेपाशी आहे, तिने या तीन प्रश्नांचा विचार पुढील संकट येण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.