बाराव्या मणक्याखालचा इतिहास

माझ्या लोखंडी पेटीत १९८९ सालचा एक एक्स-रे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, कडब्याने भरलेल्या बंडीवरून मी खाली पडलो. वय १९. ज्यांनी उचलले त्यांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून, मायेनेच उचलले. मोडलेला कणा फळीवर सरळ ठेवून न्यायचा असतो, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. एक्स-रेसोबतच्या कागदावर निळ्या शाईत 'डी १२ – एल १' एवढेच लिहिलेले आहे. त्याचा अर्थ नीट कळायला मला आठ वर्षे आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश लागला.

ह्या लेखाचे निमित्त मात्र मागच्या भाऊबीजेचे. भाच्याने मोबाइल समोर धरला. त्यात ओस्काम नावाचा एक डच माणूस चालत होता. २०११ साली सायकलच्या अपघातात त्याच्या मानेतला मज्जारज्जू दुखावला. लोझानच्या संशोधकांनी त्याच्या मेंदूवर आणि पाठीत उपकरणे बसवली. चालण्याचा विचार मनात आला की त्याच्या लहरी संगणक वाचतो आणि कण्यातल्या उपकरणाला हुकूम देतो. मे २०२३ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात त्यावरचा निबंध आला. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं बी होईन न असं?" ओवाळणीचे ताट हातात धरलेली बहीणही माझ्याकडे पाहू लागली. मी हसून विषय बदलला. पण उत्तर द्यायचे राहिले, आणि ते शोधण्यात माझा सगळा हिवाळा गेला.

आधी शरीराचा नकाशा. मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत शेवटपर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच तो संपतो. पायांचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी त्याच्या ह्या शेवटच्या, बोटभर लांबीच्या भागात असतात. आमच्या शेतकरी वाचकाला सांगायचे तर मेंदू म्हणजे वीजकेंद्र, मज्जारज्जू म्हणजे लाइन आणि हा शेवटचा भाग म्हणजे गावाच्या वेशीवरची डीपी. मान किंवा छातीच्या पातळीवर इजा झाली तर लाइन तुटते, पण डीपी शाबूत राहते. असे पाय आपोआप झटके देतात, ताठ होतात. माझ्या बाबतीत डीपीच जळाली. माझे पाय सैल आहेत, पऱ्हाटीच्या काड्यांसारखे, आणि गेल्या ३६ वर्षांत त्यांनी एकही झटका दिलेला नाही.

आता विजेने पाय हलवण्याचा इतिहास पाहा. १९६० च्या सुमारास अमेरिकेत कांट्रोविट्झ ह्या शल्यविशारदाने मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना वीज देऊन एका अधरांगग्रस्ताला काही मिनिटे उभे केले. १९६१ मध्ये लिबर्सनने लोंबणारे पाऊल उचलणारे यंत्र मांडले. १९८३ मध्ये ओहायोत नॅन डेव्हिस ही विद्यार्थिनी संगणकाच्या साहाय्याने चालत जाऊन पदवी घेऊन आली. २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने रॉब समर्स ह्या बेसबॉलपटूची हकीकत छापली. कण्यात बसवलेल्या उपकरणाच्या जोरावर तो उभा राहत होता. तिथून ओस्कामपर्यंत एकच धागा आहे. ही सगळी करामत मज्जारज्जूचा खालचा भाग आणि तिथून स्नायूपर्यंत जाणारी चेतातंतूंची तार जिवंत असेल तरच चालते. वाटेत तुटलेल्या लाइनला वळसा घालायचा, असे तिचे स्वरूप.

आणि वऱ्हाडात माणूस पडतो कसा? शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून, बंडीवरून, विहिरीत, कौले फेरताना छपरावरून. उंचावरून पडणाऱ्याचा कणा बहुधा एकाच ठिकाणी मोडतो. बरगड्यांनी बांधलेली छाती जिथे संपते आणि मोकळी कंबर सुरू होते तो सांधा, म्हणजे बारावा आणि त्याच्या लगतचा मणका. नेमकी तिथेच डीपी असते. आमच्या पडण्याची जी खास जागा, तिथेच ह्या नामांकित विज्ञानाचा हात सर्वांत तोकडा. हे मला कोणी सांगितले नाही, आणि कळले त्या रात्री झोपही लागली नाही.

मग आमच्यासारख्यांना हलवले कशाने? ह्याचा इतिहास थोडा आडबाजूचा आहे.

इजिप्तमधल्या प्राचीन एडविन स्मिथ पपायरसमध्ये मानेचा मणका सरकून हातपाय गेलेल्या माणसाविषयी, हा आजार उपचाराचा नाही, असे वैद्याला बजावले आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. माणसे पायांमुळे मरत नसत. पाठीवरच्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग त्यांना मारत असे. १९४४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमान ह्यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे विभाग सुरू केला. त्यांचा मुख्य उपाय कोणता, तर रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. १९४८ मध्ये त्यांनी तिथल्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचे ते मूळ.

महाराष्ट्रात हे ज्ञान आधी लष्कराच्या वाटेने आले. खडकीला जायबंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी संस्था होतीच. १९७४ मध्ये तिथे खास अधरांगग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र निघाले. इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, एक गोळी कण्यातच राहिली. उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात देशाचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी आणले. नागरिकांसाठी १९५५ पासून मुंबईत हाजीअलीची संस्था होती. कोल्हापुरात नसीमा हुरजूक ह्यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. पण बडनेऱ्याहून ही सगळी ठिकाणे रात्रभराच्या रेल्वेपलीकडे होती. ती गाडी गाठायला आधी गावातून फाट्यापर्यंत यावे लागे.

आमच्या घरी गुटमानचे नाव पोहोचले नाही. त्यांचे दोन तास पोहोचले, तेही एका परिचारिकेच्या तोंडून आणि उशिरा. तोवर पाठीखाली तळहाताएवढी जखम झाली होती. कापसाच्या मुलखात कापसाच्याच गादीने माझे कातडे खाल्ले. नवी गादी मऊ असते, पण सहा महिन्यांत दबून तिच्या गाठी होतात, आणि ज्याला टोचते ते कळत नाही त्याच्यासाठी ती दगडच. पुढचे ११ महिने मी पालथा होतो. आई रात्री उठून वळवायची. तिच्याकडे घड्याळ नव्हते. रात्रीच्या एसट्यांच्या आवाजावर तिचा हिशेब चाले. वाचनाची सवय मला ह्याच ११ महिन्यांत लागली. पालथ्या माणसाला पुस्तक जमिनीवर ठेवून वाचता येते.

पहिले वाहन जिनातल्या फिटरकाकांनी केले. पाटाएवढी फळी, तिला यंत्राची जुनी चार बेअरिंगे. तिच्यावर मी अंगणापासून पारापर्यंत गेलो, आणि तिनेच मला दुसरी जखम दिली. १९९२ मध्ये कॅलिपर आले. लोखंडी पट्ट्या, चामडे, कमरेचा पट्टा. कुबड्यांवर भार टाकून दोन्ही पाय एकदम पुढे झोकायचे. ओसरीची लांबी संपेपर्यंत मला शेतात दिवसभर डवरण केल्यासारखा घाम येई. त्या काळातला माझा उभा फोटो घरात सगळ्यांना आवडतो. मी दोन वर्षांत ते सोडले. नंतर एका शिबिरात तीनचाकी सायकल मिळाली. वाटणाऱ्यांचे फोटो झाले, आणि मृगाच्या पहिल्या पावसात काळ्या मातीने तिची चाके अशी धरली की मला सायकलसकट उचलून आणावे लागले.

ज्या साधनाने मला खरोखर जगवले ते एक साधी नळी आहे. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीझ ह्यांनी मांडले की ठरावीक वेळी रुग्णाने स्वतःच, निर्जंतुक नव्हे पण स्वच्छ नळीने, मूत्राशय रिकामे करावे. आधी वैद्यकविश्वाने नाके मुरडली. ही गोष्ट माझ्यापर्यंत १९९७ ला आली, पंचवीस वर्षांनी. तोवर खारपाणपट्ट्यातले खारट पाणी नकोसे म्हणून आणि लघवीच्या धास्तीने मी पाणीच कमी प्यायचो, आणि दोनदा मुतखडा झाला. नळी आली, पाणी वाढले, ताप थांबला. तिचा फोटो मात्र कोणी काढत नाही.

दुसरे साधन किनेटिक होंडा. १९८४ मध्ये बाजारात आलेली ही स्कूटर अपंगांसाठी कोणी बनवली नव्हती. पण तिला गिअर नाही, बटण दाबले की चालू. २००१ मध्ये मी जुनी घेतली आणि अकोल्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मागे दोन जादा चाके बसवून घेतली. त्यानंतरचे माझे सगळे संशोधन तिच्यावर झाले आहे. अकोल्यातल्या एका जुन्या वाचनालयाला सात पायऱ्या आहेत. तिथले ग्रंथपाल ग्रंथ घेऊन खाली यायचे, आणि मी स्कूटरवर बसून टिपणे काढायचो.

अंगावर चढवायच्या यंत्र-सांगाड्याचे म्हणाल तर त्याला डीपीची गरज नसते, त्यातल्या मोटारीच पाय उचलतात. 'रिवॉक' बनवणारे इस्रायलचे अमित गोफर ह्यांचे चारही अवयव १९९७ च्या अपघातात अधू झाले होते. कुबड्या धरण्याइतके हात चालत नसल्याने स्वतःचे यंत्र त्यांना स्वतःला वापरता येत नव्हते. २०१४ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. माझे गुडघे मात्र आता पूर्ण सरळ होत नाहीत, पायांची हाडे ठिसूळ झाली आहेत. त्यापेक्षा मद्रास आयआयटीतून निघालेली, २०१९ ची उभे करणारी खुर्ची आणि खुर्चीला पुढे जोडायचे मोटारीचे चाक, ही मला अधिक जवळची वाटतात.

एवढे लिहून लेख संपवणार होतो. भाच्याचे उत्तर तयार होते: नाही. तेवढ्यात जूनमध्ये अकोल्याजवळच्या एका खेड्यातून निरोप आला. विहिरीच्या कामावर २२ वर्षांच्या मुलाच्या पाठीत वरून दगड पडला होता. मी गेलो. त्याची आई म्हणाली, "दादा, चालीन का हा?" माझे 'नाही' ओठांवर होते. आधी कागद मागितला. त्यावर लिहिले होते, डी ६. पांघरूण काढले तर मुलाचे पाय आपोआप झटके देत होते. घरच्यांना ते बरे होण्याचे लक्षण वाटत होते. तसे ते नव्हते; पण त्याची डीपी शाबूत होती. ज्या विज्ञानाचा हात माझ्यापर्यंत येत नाही, तो उद्या ह्या पोरापर्यंत पोहोचूही शकेल, आणि मी त्याला माझ्या मणक्याचे उत्तर द्यायला निघालो होतो.

मी त्यांना खरे ते सांगितले. आज नाही, पुढचे माहीत नाही. पण गुडघे आखडले, पाऊल खाली लोंबून कडक झाले, पाठीला जखम पडली तर उद्या कोणतेही यंत्र ह्याला घेणार नाही. मग त्याला कुशीवर वळवायला लावले. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता, कातडे अजून शाबूत. त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावून दिले. चहा होईपर्यंत पहिला वाजला.