जुनी जीप घेताय? इंजिन मूळचंच आहे का, असं ओळखा

नागपूर : जुनी जीप किंवा अॅम्बेसेडर घेताना रंगावर जाऊ नका. इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर डिझेलच्या फडक्याने पुसून आरसीशी जुळवा. आकडे वेडेवाकडे, जागा ग्राइंडरने घासलेली दिसली तर सौदा थांबवा.

नंबर जुळला म्हणजे इंजिन मूळचंच, असंही नाही. आरटीओच्या परवानगीने बदललेल्या इंजिनाचा नंबरही आरसीवर चढतो. जुन्या विलीज जीप पेट्रोलच्या, पण कित्येकांत पुढे डिझेल इंजिन बसलं. म्हणून इंधनाचा रकाना बघा, पहिलं आरसी बुक मागाच. एमएच ३१ (शहर) की एमएच ४० (ग्रामीण), त्या आरटीओत जुनी नोंद विचारा.

२०२१ च्या केंद्रीय नियमाने ५० वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. इंजिनात मोठा बदल असेल तर मिळत नाही.