दुबळ्या केलेल्या जिवाणूची कुळकथा

रोग देणाऱ्या जिवाणूलाच प्रयोगशाळेत दुबळे करून त्याच्याकडून शरीराला रोगाशी लढण्याची तालीम द्यावी, ही कल्पना प्रथम सिद्ध झाली ती कोंबडीवर. १८७८ च्या अखेरीस तुलूझचे पशुवैद्य आंरी तुसाँ यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जिवाणू लुई पाश्चर यांच्याकडे पाठविला. पाश्चर यांनी तो कोंबडीच्या मांसाच्या अर्कात वाढविला आणि बराच काळ हवेत राहिलेल्या जुन्या संवर्धनाची टोचणी घेतलेल्या कोंबड्या पुढे जहाल जिवाणूलाही बळी पडत नाहीत, हे १८८० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. सुटीत विसरून राहिलेल्या संवर्धनामुळे हा शोध अपघाताने लागला, ही रूढ कथा प्रयोगवह्यांच्या अभ्यासानंतर टिकलेली नाही. शोधामागे एमिल रू या सहकाऱ्याचे चिकाटीचे प्रयोग होते आणि ते श्रेय त्यांना मिळणेच न्याय्य आहे.

हे कूळ महाराष्ट्रात लवकर पोहोचले. पाश्चर संस्थेत काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी माणसांच्या कॉलऱ्याचा जिवाणू ३९ अंश उष्णतेत, हवेच्या झोतात वाढवून क्षीण केला होता. परंतु १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी सिद्ध केलेल्या प्लेगच्या लशीत जिवाणू उष्णतेने मारलेले होते. मृत आणि जिवंत अशा लशीच्या दोन शाखा येथे स्पष्ट दिसतात. मृत लस सुरक्षित असते. मात्र पेशींच्या आत दडणाऱ्या साल्मोनेलासारख्या जिवाणूंविरुद्ध जिवंत, पण दुबळा जिवाणू सहसा अधिक खोल प्रतिकारशक्ती जागवितो.

अडचण होती ती दुबळेपणाच्या खात्रीची. कोंबड्यांच्या टायफॉइडवरील ‘९-आर’ हा वाण विल्यम्स स्मिथ यांनी १९५६ मध्ये पुढे आणला आणि तो आजही वापरात आहे. त्याच्या बाह्य आवरणातील शर्करासाखळी अपुरी असते, एवढे तेव्हा दिसत होते. एका जनुकात झालेला बदल त्यामागे आहे, हे कित्येक दशकांनी उलगडले. जो बदल एका अक्षरापुरता असतो तो उलटूही शकतो, आणि मग लसच रोग ठरण्याची भीती उरते.

या भीतीवर नेमका उपाय १९८१ मध्ये होइसेथ आणि स्टॉकर यांनी दाखविला. ‘एरो-ए’ हे जनुक जिवाणूला काही आवश्यक घटक स्वतः तयार करू देते. ते घटक प्राण्यांच्या ऊतींत पुरेसे मिळत नसल्याने, हे जनुक निकामी झालेला साल्मोनेला शरीरात शिरतो, थोडा वाढतो, ओळख पटवून देतो आणि उपासमारीने संपतो. याच जनुकाचा भाग काढून टाकलेल्या ई. कोलाय जिवाणूची लस पुढे कोंबड्यांसाठी बाजारात आली. जनुकाचा तुकडाच नाहीसा केल्यामुळे जिवाणूला आपल्या बळावर मूळपदी येणे जवळजवळ अशक्य होते. पाश्चर यांच्या जुन्या संवर्धनापेक्षा हे पाऊल फार मोठे आहे.

जनुकाचा असा तुकडा नेमका काढण्यासाठी आता उपयोगी पडणारे क्रिस्पर हे जनुकसंपादनाचे तंत्र मुळात जिवाणूंचेच, विषाणूंपासून बचावाचे हत्यार होय. २०१२ मध्ये शार्पांतिए आणि डाउडना यांनी त्याला हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीचे रूप दिले. गुणसूत्र कापले गेले की बहुतेक जिवाणू ते सांधू शकत नाहीत व मरतात. ज्यांच्यात बाहेरून दिलेल्या साच्यानुसार जनुक आधीच बदललेले असते, तेच कात्रीतून सुटतात. त्यामुळे बदल झाल्याची खूण म्हणून प्रतिजैविकाला न जुमानणारे जनुक लशीत मागे ठेवावे लागत नाही.

छत्रपती संभाजीनगर येथील शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणी, जेथून एकदिवसीय पिल्ले खेड्यापाड्यांत जातात, तेथे अशा लशीचे मोल मोठे ठरेल. कारण २०१९ मध्ये भारताने पशुखाद्यातील कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातल्यावर औषधाचा सोपा मार्ग आक्रसला आहे. मात्र २०२२ मध्ये जनुकसंपादित पिकांच्या काही प्रकारांना मिळालेली नियमांतील सूट जिवाणूंना लागू नाही, आणि ही सावधगिरी योग्यच आहे, कारण लशीचा जिवाणू विष्ठेतून अंगणात उतरतो. शिवाय जिवंत लस थंड साखळीतच टिकते, आणि पिल्लांच्या पाण्यात लस देण्याच्याच सुमारास प्रतिजैविक मिसळले तर रोगजंतूआधी लशीचाच जिवाणू मरतो. म्हणून लस देण्याच्या आगेमागे औषध बंद ठेवणे कुक्कुटपालकाला तिच्याबरोबरच शिकवावे लागेल.