आरशातला हात

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला आरशाच्या मदतीने हलतं करणाऱ्या उपचाराची कुळकथा सुरू होते ती नसलेल्या हातापासून.

अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना तोडलेला अवयव जागेवरच असल्यासारखा वाटे, दुखेही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिम’ (भासमान अवयव) म्हटलं. कोणाकोणाची ती नसलेली मूठ इतकी घट्ट आवळलेली असते की नखं तळव्यात रुतल्याच्या कळा येतात. पण जी मूठ नाहीच, ती उघडणार कशी?

चेन्नईत वैद्यकीचं शिक्षण घेऊन पुढे सॅन डिएगोत संशोधन करणारे विलयनूर रामचंद्रन यांना वाटलं, मेंदू हुकूम देतो, हात हलल्याचं डोळ्यांना दिसत नाही आणि शेवटी मेंदू ‘हा हात हलत नाही’ हेच शिकून बसतो. मग डोळ्यांनाच हालचाल दाखवली तर? खोक्यात एक आरसा उभा केला. धडधाकट हाताचं प्रतिबिंब नेमकं नसलेल्या हाताच्या जागी दिसू लागलं. धडधाकट मूठ उघडली आणि काहींची नसलेली मूठही सैल झाली! रामचंद्रन आणि डायन रॉजर्स-रामचंद्रन यांनी हे प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध केले.

पक्षाघातात हात असतो, पण हुकूम पाळत नाही. त्या लुळेपणाचाही काही भाग मेंदूने असाच शिकलेला असेल का? १९९९ मध्ये एरिक आल्टशुलर, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवरचा प्रयोग मांडला. चार आठवडे आरसा, चार आठवडे पारदर्शक प्लास्टिक. काहींना आधी हे, काहींना आधी ते. व्यायाम तोच, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. फरक फक्त प्रतिबिंबाचा, आणि आरशाच्या आठवड्यांतच सुधारणा जास्त दिसली.

नऊ जणांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना आरशाची जोड दिली तर हाताची हालचाल आणि रोजची कामं सुधारतात, असं त्यात आढळलं. गेलेला हात आरसा परत आणत नाही. पण थकलेल्या माणसाला तो पुन्हा प्रयत्न करायला लावतो, आणि या प्रयत्नाचं मोल फार मोठं आहे. लुळा हात आरशामागे ठेवायचा, नजर प्रतिबिंबावर खिळवायची आणि दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा: रोज, न कंटाळता.