बडोद्याच्या राजदांपत्याची भ्रमंती

१८७० च्या नोव्हेंबर अखेरीस इटलीतील फ्लॉरेन्स शहरी कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज यांचे देहावसान झाले. विलायतेचा प्रवास आटोपून ते स्वदेशी परतत होते. वय अवघे वीस वर्षांचे. त्या शहरात हिंदू पद्धतीचा अंत्यसंस्कार तोवर कोणी पाहिलेला नव्हता. आर्नो नदीच्या काठी चिता रचण्यास परवानगी मिळाली, आणि पुढे त्याच जागी छत्री उभारून त्यांचे स्मारक करण्यात आले. ती बातमी महाराष्ट्रात आली तेव्हा समुद्र ओलांडणे म्हणजे काय, याविषयी जुन्या मंडळींची धारणा अधिकच पक्की झाली असल्यास नवल नाही.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८७ साली, आणखी एक मराठी राजा विलायतेस निघाला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकटे निघाले नाहीत. महाराणी चिमणाबाई त्यांच्यासमवेत होत्या, आणि या प्रवासाचे खरे वेगळेपण त्यातच आहे. आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई या दोघी १८८३ साली परदेशी गेल्या होत्या हे खरे. परंतु त्या शिक्षणासाठी गेल्या, आणि पतीविना गेल्या. पडद्यात वाढलेल्या राणीने पतीच्या बरोबरीने आगबोटीत पाय ठेवणे ही गोष्ट निराळी होती.

दोघांचे पूर्वायुष्य थोडे सांगितले पाहिजे. सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि शेताच्या बांधावरचा मुलगा गादीवर आला. १८८१ च्या डिसेंबरात त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. प्रथम पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई १८८५ साली क्षयाने निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासकडील घाटगे घराण्यातील गजराबाई बडोद्यास सून म्हणून आल्या आणि सासरी चिमणाबाई झाल्या. पहिल्या विलायतवारीच्या वेळी त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे असेल. महाराजांना निद्रानाशाचा विकार जडला होता. हवापालट करा, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. इतरांच्या बाबतीत हा सल्ला महाबळेश्वरापर्यंत पोहोचतो, महाराजांच्या बाबतीत तो युरोपापर्यंत गेला. त्या प्रवासात व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. पुढे आयुष्यभरात महाराज वीसहून अधिक वेळा परदेशी गेले.

स्वदेशातील भ्रमंतीही काही कमी नव्हती. बडोदे संस्थानचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे तुकडे, त्यांच्या मध्ये इंग्रजी अंमल आणि इतर संस्थानांची गावे. आपलेच राज्य पाहावयाचे तरी दुसऱ्याच्या हद्दीतून जावे लागे. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात महाराजांनी पीडित मुलखाचा दौरा केला. उन्हाळ्यात थंड हवेची ठिकाणे होतीच. १९०३ साली ते काश्मीरला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चिटणीस म्हणून अरविंद घोष होते. या गृहस्थांची गाठही प्रवासातच पडलेली. १८९२-९३ च्या सुमारास महाराज लंडनमध्ये असताना केंब्रिजहून बाहेर पडलेला हा तरुण त्यांना भेटला आणि दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्याच्या नोकरीत आला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण होणारा बुद्धिमान तरुण इतक्या स्वस्तात मिळाला, याचे महाराजांना समाधान वाटले, असे सांगतात.

परदेशगमन मात्र नेहमीच सुखाचे ठरले नाही. १९०० साली महाराणींच्या प्रकृतीच्या कारणाने दोघे युरोपात होते. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांसाठी एक परिपत्रक काढले. राजाने वारंवार परदेशी जाऊन राहणे म्हणजे कर्तव्यात कसूर करणे होय, आणि जावयाचेच असेल तर सरकारची अनुज्ञा घेतली पाहिजे, असा त्याचा आशय होता. परिपत्रक सर्वांना उद्देशून होते, पण त्याचा रोख कोणाकडे आहे हे सयाजीरावांना उमगले आणि ते फार जिव्हारी लागले. निःपक्षपातीपणे पाहता कर्झनच्या बोलण्यात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. दुष्काळाने पोळलेल्या प्रजेने आपला राजा आपल्याजवळ असावा अशी अपेक्षा धरली तर ती गैर कशी? परंतु राजाला रजेचा अर्ज करावयास लावणाऱ्या कर्झनसाहेबांची कळकळ प्रजेपेक्षा साम्राज्याच्या शिस्तीसाठी अधिक होती, हेही उघड आहे.

याच काळात समुद्रप्रवासाविषयी इतर संस्थानिकांची वृत्ती कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. १९०२ साली जयपूरचे महाराज माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले ते चांदीच्या अजस्र घागरींतून गंगाजल बरोबर घेऊन. त्या घागरी जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. सयाजीराव परदेशातून परतत ते निराळ्या वस्तू घेऊन.

१९०६ साली राजदांपत्य अमेरिकेत गेले. महाराजांचे वय त्रेचाळीस आणि महाराणींचे पस्तिशीच्या आसपास. पुढे १९१० साली त्यांनी जपान आणि अमेरिका अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. या वयात माणूस केवळ नवलाई पाहून तृप्त होत नाही. हे आपल्याकडे होईल काय, आणि त्याला खर्च किती, असे तो विचारू लागतो. महाराजांचे डोळे शाळा, बँका आणि ग्रंथालये यांवर असत. पहिल्या दौऱ्यानंतर व्हाइटनॅक नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बडोद्यास सल्लागार म्हणून आले, आणि २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. दुसऱ्या दौऱ्याच्या वर्षी, १९१० मध्ये, न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन बडोद्यात दाखल झाले.

बोर्डन यांचे कार्य थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. त्यांना बडोद्यात जेमतेम तीन वर्षे मिळाली. परंतु तेवढ्यात राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे २० हजार ग्रंथ त्याला दिले. राजधानीपुरतेच हे काम थांबले असते तर ते इतर संस्थानांतील शोभेच्या वास्तूंसारखेच झाले असते. खेड्यांसाठी योजना अशी होती की, गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. म्हणजे गावाने एक रुपया काढला की तीन रुपयांची पुस्तके येत. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवीत. एका गावाचे वाचन झाले की पेटी पुढच्या गावी जाई. १९१२ पासून ग्रंथालय खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. तथापि बडोद्यातील प्रत्येक सुधारणेचे मूळ आगबोटीत शोधू नये. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत १८९३ सालीच सुरू झाला होता, आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९०४ चा.

महाराणींनी प्रवासातून काय आणले, याची नोंद इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही. जपानात, अमेरिकेत आणि युरोपात त्यांनी स्त्रियांच्या संस्था पाहिल्या, टिपणे केली, आणि त्यांच्या आधारे एस. एम. मित्रा यांच्या सहकार्याने हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत एक ग्रंथ १९११ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांना कोणते उद्योग करता येतील आणि त्यासाठी कोणत्या संस्था हव्यात, याचा विचार आहे. पडद्यात वाढलेली स्त्री शेतीविषयी आणि कारागिरीविषयी लिहिते, आणि उपदेश कमी करून व्यवहार अधिक सांगते, ही त्या पुस्तकातील लक्षणीय गोष्ट. १९१४ साली बडोद्यात त्यांच्या नावाने स्त्री उद्योगालय सुरू झाले. त्याच सुमारास महाराणी पडदा टाकून देऊन पतीशेजारी उघडपणे सभास्थानी बसू लागल्या. म्हणजे परदेशात पहिले पाऊल टाकल्यापासून आपल्याच शहरात मोकळ्या तोंडाने बसेपर्यंत त्यांना सत्तावीस वर्षे लागली. लंडनपेक्षा बडोदे त्यांना अधिक दूर होते!

या दांपत्याच्या वाट्याला आलेले दोन मनस्ताप याच काळातील. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीरावांनी पंचम जॉर्ज बादशहांना एकदाच लवून मुजरा केला आणि ते पाठ फिरवून परतले. तो हेतुपुरस्सर अपमान की गोंधळ, याची चर्चा अजून संपलेली नाही. महाराजांनी खुलासा करून दिलगिरी व्यक्त केली. पण विलायतेतील वृत्तपत्रांनी गहजब केला. परदेशात श्यामजी कृष्णवर्मा, मादाम कामा यांच्यासारख्यांशी महाराजांचा संबंध आल्याचा संशय सरकारला आधीपासूनच होता. तेव्हापासून त्यांच्या प्रवासावर अधिकच बारीक नजर राहिली.

दुसरा मनस्ताप घरातला. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. दिल्ली दरबाराच्या वेळी कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांची ओळख झाली, आणि इंदिराराजांनी स्वतःच शिंदे सरकारांना पत्र लिहून लग्न मोडले. आईवडिलांनी हरप्रकारे विरोध केला. कुचबिहारचे घराणे ब्राह्मो मताचे, त्यात राजपुत्र धाकटा. अखेर १९१३ साली हा विवाह लंडनमध्ये झाला. आईवडील त्याला उपस्थित नव्हते. मुलींना शिकवा, बाहेरचे जग दाखवा, असे सांगणाऱ्या मातेला मुलीने जग पाहून स्वतःचा निर्णय घेतलेला मात्र रुचला नाही. यात महाराणींना हसण्यासारखे काही नाही. त्या काळच्या अनेक सुधारकांच्या घरांत हाच पेच होता. फरक इतकाच की येथे तो दोन संस्थानांच्या दरम्यान पडला आणि सर्व देशाला दिसला. याच इंदिराराजांची कन्या गायत्रीदेवी १९४० साली जयपूरच्या राजघराण्यात गेली. गंगाजल घेऊन विलायतेस जाणाऱ्या माधोसिंहांच्या दत्तक पुत्राची ती राणी झाली.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी चिमणाबाई होत्या. पुण्याच्या त्या सभेत देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या स्त्रिया मुलींच्या शिक्षणाविषयी ठराव करीत होत्या, आणि बालविवाहाच्या रूढीविरुद्धही बोलत होत्या.

महाराजांची भ्रमंती वार्धक्यातही थांबली नाही. १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म संमेलनात त्यांचे भाषण झाले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या हॉकी संघाने जर्मनीचा आठ विरुद्ध एक गोलाने पराभव केला, तेव्हा प्रेक्षकांत त्र्याहत्तर वर्षांचे सयाजीराव बसले होते. १९३८ च्या अखेरीस ते आजारी अवस्थेत युरोपातून परतले, आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांनी परदेशातून मागविलेली एक वस्तू मात्र मध्यंतरी बराच काळ वाटेतच अडकली होती. बडोद्याच्या चित्रसंग्रहालयासाठी स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाने युरोपीय चित्रे निवडून दिली. इमारत १९१४ साली तयार झाली. पण महायुद्ध भडकले, समुद्र धोक्याचा झाला, आणि चित्रे विलायतेतच राहिली. युद्ध संपल्यावर ती बोटीने आली आणि १९२१ साली संग्रहालयाची दारे लोकांसाठी उघडली. सयाजी बागेतील त्या इमारतीत ती चित्रे आजही आहेत. चिमणाबाई महाराजांच्या पश्चात एकोणीस वर्षे होत्या. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालेले त्यांनी पाहिले, आणि १९५८ साली त्या निवर्तल्या.