चंद्रपूर–गडचिरोलीचे संग्रहालयीन अवशेष

पूर्व विदर्भातील या दोन वनप्रधान जिल्ह्यांत सापडलेल्या आणि नागपूर, कोलकाता इ. शहरांतील संग्रहालयांत गेलेल्या ऐतिहासिक व भूवैज्ञानिक वस्तू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. ब्रिटिश अमदानीत त्याचे नाव चांदा होते. दाट अरण्य व अपुरे दळणवळण यांमुळे येथील महत्त्वाचे अवशेष बहुधा बाहेरून आलेल्या अभ्यासकांच्या नजरेस पडले आणि त्यांच्यामागोमाग बाहेर गेले. ते टिकले याचे श्रेय संग्रहालयांना द्यावे लागते. परंतु मूळ गावाची ओळख मात्र बहुतेक ठिकाणी वस्तूखालच्या पाटीवरील एका शब्दापुरती उरली.

मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत, १८६३ साली, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ हे नाव दिले व तेच रूढ झाले. नागभीड परिसरातील देवटेक येथील शिलापट्ट हा तेथील एक मोलाचा ठेवा होय. या एकाच दगडावर दोन वेगवेगळ्या काळांतील लेख आहेत. पहिला ब्राह्मी लिपीत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. ती अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी, असे वा. वि. मिराशी यांचे मत आहे. काही शतकांनंतर, इ. स. चौथ्या शतकात, त्याच दगडावर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला व पहिल्या लेखाचा काही भाग त्यात नाहीसा झाला. दोन्ही लेखांत येणारे गावाचे नाव देवटेकनजीकच्या चिकमारा या गावाशी जुळते. ज्या प्रदेशात आज वाघ व माणूस यांचा संघर्ष रोजचा झाला आहे, तेथेच वन्य जिवांना अभय देणारी इतकी जुनी आज्ञा मिळावी, ही गोष्ट अभ्यासकाला थबकविणारी आहे. दगड गाव सोडून गेला, तरी गावाने आपले नाव सोडले नाही. लेखाचा उलगडा होण्यास या नावाचीच मदत झाली.

सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा हे लहानसे गाव आहे. तेथील खडकांतील माशांच्या जीवाश्मांचे वर्णन १८५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. जुरासिक कालखंडातील या शैलसमूहास पुढे ‘कोटा’ हेच नाव मिळाले. १९५८ ते १९६१ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील पोचमपल्लीजवळ याच शैलसमूहातून एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉराची सु. ३०० हाडे खणून काढली. ती किमान सहा प्राण्यांची होती. कवटी मात्र मिळाली नाही. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्यावरून आणि रवींद्रनाथ टागोर यांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ १९७५ मध्ये त्याचे ‘बारापासॉरस टागोरी’ असे नामकरण झाले. जोडलेला सांगाडा कोलकात्यास संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभा आहे. सांख्यिकीच्या संस्थेत डायनोसॉर कसा, असे नवख्या माणसाला वाटते. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या व्यापक विज्ञानदृष्टीत त्याचे उत्तर आहे. नदीपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या यमनपल्ली येथे सापडलेल्या दुसऱ्या डायनोसॉराचे नाव ‘कोटासॉरस’ असून त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. कोट्याचे नाव अशा रीतीने जगाच्या विज्ञानग्रंथांत पोहोचले.

अलीकडे सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान विकसित झाल्याने अश्मीभूत वृक्ष जागेवरच पाहता येतात. जे मुळातच हलविता येण्याजोगे नव्हते, तेही जागीच राहिले. मार्कंडा येथील मंदिरांच्या भिंतींवरील शिल्पे वैनगंगेकाठीच आहेत. चंद्रपूर शहराजवळ रायप्पा कोमटी याने देवालयासाठी घडविल्याचे मानले जाणाऱ्या अखंड दगडी मूर्ती उघड्यावर आहेत. त्यांतील दशमुखी दुर्गेची मूर्ती सु. ८ मी. लांबीची असून ती आडवीच पडलेली आहे. देवालय पुरे झालेच नाही. गावकरी तिला रावण समजत आले आहेत.