फ्रीमाँट स्ट्रीट : छप्पर घातलेला रस्ता

लास व्हेगास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, म्हणजे काळ्या काचेचा पिरॅमिड, अर्ध्या उंचीचा आयफेल टॉवर, संगीतावर नाचणारी कारंजी, ते काटेकोरपणे पाहिले तर लास व्हेगास शहरात नाहीच. ‘स्ट्रिप’ या नावाने जगप्रसिद्ध झालेला तो रस्ता जवळजवळ संपूर्णपणे शहराच्या हद्दीबाहेर, क्लार्क काउंटीच्या अखत्यारीत येतो. खुद्द शहराचा जन्म झाला तो तिथून काही मैल उत्तरेला, फ्रीमाँट स्ट्रीट नावाच्या एका साध्या, सरळ रस्त्यावर. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ साली ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ हा वास्तुविचारातील गाजलेला ग्रंथ लिहिला तोही प्रामुख्याने स्ट्रिपवर. मोटारीतून, वेगात पाहायचे शहर हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. फ्रीमाँट स्ट्रीट मात्र पायी चालण्याचा रस्ता आहे, आणि त्याचा इतिहासही पायी चालतच वाचावा लागतो. पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेकडे चालू लागलो की एका रात्रीच्या फेरफटक्यात सव्वाशे वर्षे ओलांडली जातात.

ही फेरी आपण जुगाराच्या हिशेबाने करणार नाही. कोण जिंकले, कोण हरले याच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या साऱ्या एकाच वळणाने जातात. या रस्त्याने वारंवार विचारलेला प्रश्न निराळा आहे : इथे पाऊल टाकण्याचा, उभे राहण्याचा, चार शब्द बोलण्याचा अधिकार कोणाचा?

फ्रीमाँट स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला ‘प्लाझा’ हे हॉटेल रस्ता अडवून उभे आहे. हीच रेल्वे स्थानकाची जागा. ‘लास व्हेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणे’. वाळवंटातल्या नैसर्गिक झऱ्यांमुळे इथे गवत उगवे आणि दक्षिण पायूट लोकांची वस्ती या पाण्याच्या आधाराने राही. १८४४ साली जॉन फ्रीमाँट हा लष्करी भूमापक या झऱ्यांपाशी मुक्कामाला होता. रस्त्याला नाव त्याचे. शहर वसवले मात्र रेल्वेने. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, आणि लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी या मार्गावर पाणी इथे होते. रेल्वेचे प्रवर्तक, तांब्याच्या खाणींवर अफाट श्रीमंत झालेले सिनेटर विल्यम क्लार्क यांच्या कंपनीने १५ मे १९०५ रोजी रुळांच्या पूर्वेकडील भूखंडांचा लिलाव पुकारला. सट्टेबाज आणि होतकरू दुकानदार यांनी बोली चढवत नेली आणि दोन दिवसांत ओसाड माळाचे शहर झाले. या शहरातला पहिला मोठा जुगार जमिनीचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

या लिलावाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. रुळांच्या पश्चिमेला जे. टी. मॅकविल्यम्स या भूमापकाने आधीच एक नगर आखले होते आणि तिथे तंबू व लाकडी दुकाने उभी राहिली होती. लिलाव होताच व्यापारी आपली दुकाने उचलून पूर्वेला आले आणि मागे राहिलेली पश्चिमेची वस्ती गरिबांची झाली. ‘वेस्टसाइड’ हे तिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. पूर्वेला पक्का रस्ता, पाणी, दिवे, पश्चिमेला धूळ. शहराच्या पहिल्याच वर्षी रुळांनी ही रेघ ओढली.

प्लाझासमोर, १ फ्रीमाँट स्ट्रीट या पत्त्यावर, आजचे ‘गोल्डन गेट’ आहे. १९०६ सालचे ‘हॉटेल नेवाडा’ ते हेच. शहरातला पहिला टेलिफोन १९०७ साली इथे आला. कंपनीने भूखंड विकताना दारूविक्री १६ आणि १७ या दोन चौकांपुरतीच बांधून दिली होती. १६ क्रमांकाचा चौक, ‘ब्लॉक सिक्स्टीन’, लवकरच कुंटणखान्यांसाठी प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या दडपणाखाली तो बंद करावा लागेपर्यंत तसाच चालू राहिला. १९१० साली नेवाडा राज्याने जुगारावर बंदी घातली. बंदीचा परिणाम इतकाच की पत्ते मागच्या खोलीत गेले. १९२२ च्या रेल्वे संपानंतर कंपनीने दुरुस्तीचे कारखाने इथून हलवले आणि गावाच्या पोटावर पाय आला.

यानंतर आले १९३१. १९ मार्च रोजी राज्यपाल फ्रेड बाल्झर यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. घटस्फोटासाठी लागणारा निवासाचा काळ सहा आठवड्यांवर आणणारा कायदाही त्याच सुमाराचा. मंदीने कोरड्या पडलेल्या राज्याने इतरत्र निषिद्ध असलेल्या गोष्टी विकायला काढल्या, इतका साधा हा व्यवहार होता. फ्रीमाँट स्ट्रीटवरचा पहिला परवाना ‘नॉर्दर्न क्लब’साठी मेमी स्टॉकर या बाईंच्या नावे निघाला. पती रेल्वेच्या नोकरीत, आणि असला धंदा कंपनीला चालणारा नव्हता, म्हणून नाव बाईंचे. त्याच वर्षी तीसेक मैलांवर कोलोराडो नदीवरील हूवर धरणाचे काम सुरू झाले. कामगारांसाठी सरकारने वसवलेल्या बोल्डर सिटीत दारू आणि जुगार दोन्हींना मज्जाव. ऐन भरात पाच हजारांवर माणसे धरणावर राबत होती आणि पगाराच्या रात्री त्यांना जायला एकच रस्ता होता. लास व्हेगासची ‘नाइट आउट’ ही कल्पना घडली ती या धुळीने माखलेल्या मजुरांच्या खिशातल्या पैशावर. पुढची चकचकीत मंडळी फार नंतर आली.

धरणाच्या त्या हजारो मजुरांत कृष्णवर्णीयांची संख्या अगदी नगण्य होती, कारण सुरुवातीला त्यांना कामावरच घेतले जात नव्हते. गावातही हेच घडू लागले. तोवर कृष्णवर्णीय कुटुंबे मध्यवस्तीत राहत, तिथेच त्यांचे छोटे व्यवसाय होते. तीस आणि चाळीसच्या दशकांत परवान्यांच्या नूतनीकरणात अडवणूक करून त्यांना रुळांपलीकडे, त्याच जुन्या वेस्टसाइडला ढकलण्यात आले. कॅसिनोत त्यांनी भांडी घासावीत, खोल्या झाडाव्यात, रंगमंचावर गावेही. पण पाहुणा म्हणून दारातून आत येऊ नये. या राज्याला ‘पश्चिमेचे मिसिसिपी’ असे नाव पडले ते यामुळे. १९५५ च्या मे महिन्यात वेस्टसाइडच्या हद्दीवर ‘मूलाँ रूज’ हे सर्व वर्णांना खुले असलेले पहिले मोठे हॉटेल-कॅसिनो उघडले आणि सहा महिन्यांच्या आत बंद पडले. १९६० साली दंतवैद्य जेम्स मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली मोर्चाची हाक दिली गेली, आणि २६ मार्च रोजी, त्याच बंद पडलेल्या मूलाँ रूजमध्ये झालेल्या बैठकीत, हॉटेले सर्वांना खुली करण्याचे ठरले. पंचावन्न वर्षांपूर्वी लिलावाने आखलेली रेघ निदान कागदावर तरी पुसली गेली. मोर्चा काढावाच लागला नाही. हाक पुरेशी ठरली, कारण गोऱ्या पाहुण्यांच्या रात्री बिघडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

आता आपण रस्त्याच्या मध्यभागी आलो आहोत. १९४६ चे ‘गोल्डन नगेट’, आणि समोर बेनी बिनियन यांनी १९५१ साली सुरू केलेले ‘हॉर्सशू’, जिथे १९७० पासून पोकरची जागतिक स्पर्धा भरू लागली. जवळच ‘व्हेगास व्हिक’ हा चाळीस फुटी निऑन गुराखी. १९५१ मध्ये ‘पायोनिअर क्लब’च्या दर्शनी भागावर तो उभा राहिला तेव्हा हात हलवून येणाऱ्यांना हाका मारी. पायोनिअर क्लब बंद होऊन त्या जागी भेटवस्तूंचे दुकान आले, व्हिकचा हात थांबला, पण तो आहे. त्याच वर्षी, १९५१ च्या जानेवारीत, सुमारे पासष्ट मैलांवरच्या चाचणी क्षेत्रात अणुबाँबचे स्फोट सुरू झाले. १९६२ पर्यंत उघड्या आकाशात सुमारे शंभर स्फोट झाले आणि फ्रीमाँट स्ट्रीटवरून त्यांचा उजेड दिसे. शहराने त्याचीही जाहिरात केली. दिव्यांच्या या गल्लीला ‘ग्लिटर गल्च’ म्हणजे लखलखती घळ म्हणत. क्षितिजावरचा तो दुसरा लखलखाट हा तिच्या करमणुकीचाच एक भाग मानला गेला. ज्यांच्या अंगावर ती धूळ वाऱ्याने वाहत गेली ते लोक या रात्रीच्या हिशेबात धरलेले नव्हते.

उतरती कळा आली ती दोन बाजूंनी. स्थानिक लोकांची दुकाने, चित्रपटगृहे आणि संध्याकाळचे फिरणे हे सारे साठच्या दशकानंतर उपनगरांतल्या मॉलकडे गेले. प्रवासी रेल्वेगाडी ‘डेझर्ट विंड’ १९९७ मध्ये कायमची थांबली, पण रस्त्याचा रेल्वेशी संबंध त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. दुसरीकडे १९८९ साली स्ट्रिपवर ‘मिराज’ उघडले आणि भव्यतेची मोजपट्टीच बदलली. फ्रीमाँट स्ट्रीटच्या कॅसिनो मालकांनी आणि शहराने मिळून यावर जो उपाय काढला तो नगररचनेच्या इतिहासात विलक्षणच म्हणावा लागेल : त्यांनी रस्त्यावर छप्पर घातले.

१९९४ मध्ये वाहने बंद झाली. वास्तुरचनाकार जॉन जर्डी यांच्या आराखड्यानुसार नव्वद फूट उंचीचे कमानदार छत उभे राहिले आणि डिसेंबर १९९५ मध्ये ‘फ्रीमाँट स्ट्रीट एक्स्पिरियन्स’ या नावाने रस्ता पुन्हा उघडला. खर्च सात कोटी डॉलर. छताच्या आतल्या बाजूवर वीस लाखांवर दिवे बसवले होते. २००४ मध्ये त्यांची जागा सव्वा कोटी एलईडींनी घेतली आणि २०१९ मध्ये ती संख्या सुमारे पाच कोटींवर गेली. वरचा खेळ सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या कॅसिनोंच्या पाट्या मंद होतात. ज्या निऑनमुळे हा रस्ता ओळखला गेला त्याला छतासाठी डोळे मिटावे लागतात. पाहणारेही दुकानांच्या दारांकडे पाहायचे सोडून माना वर करून उभे राहतात.

प्रश्न केवळ सौंदर्याचा असता तर इथेच थांबता आले असते. परंतु रस्त्यावर छप्पर आले की दार कोणाचे हा प्रश्न येतोच. या पट्ट्याचा कारभार कॅसिनोंच्या एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला, आणि पत्रके वाटणे, पैसे मागणे, टेबल मांडून मत सांगणे यांवर शहराने निर्बंध घातले. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणारी ‘एसीएलयू’ ही संस्था न्यायालयात गेली. शहराची भूमिका अशी की हा आता रस्ता राहिलेला नाही, हे करमणुकीचे केंद्र आहे. २००३ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हे अमान्य केले. लोक इथून ये-जा करतात, तिकीट नाही, दार नाही; छप्पर घातले आणि नाव बदलले म्हणून सार्वजनिक रस्ता खासगी दिवाणखाना होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच खटल्याच्या पुढच्या टप्प्यात, २००६ मध्ये, उरलेल्या निर्बंधांपैकी मुख्य निर्बंधही घटनाबाह्य ठरले.

१९६० चा समझोता आणि २००३ चा निकाल यांचा एकत्र विचार सहसा केला जात नाही. एक वर्णाचा प्रश्न, दुसरा भाषणस्वातंत्र्याचा. मला मात्र ते एकाच दाव्याचे दोन भाग वाटतात. दोन्ही वेळा रस्त्याच्या मालकांचे म्हणणे एकच होते : पाहुण्यांची रात्र सुखाची व्हावी यासाठी काही माणसे नजरेआड हवीत. दोन्ही वेळा उत्तरही एकच मिळाले. फरक असा की पहिल्या वेळी हॉटेलचे दार उघडावे लागले, दुसऱ्या वेळी रस्त्याला दार नाही हे मान्य करावे लागले.

छप्पर संपते आणि लास व्हेगास बुलेव्हार्ड ओलांडला की पुन्हा आकाश दिसते. हा ‘फ्रीमाँट ईस्ट’. २००७ मध्ये शहराने या तुकड्याची नवी बांधणी पुरी केली : रुंद पदपथ, निऑनच्या जुन्या वळणाच्या पाट्या, लहान लहान पानगृहे. १९४१ पासून चालू असलेले ‘एल कोर्तेझ’ इथे आहे, आणि थोडे पुढे ‘अटॉमिक लिकर्स’, ज्याच्या गच्चीवर ग्लास घेऊन लोक अणुस्फोट पाहत. २०१२ मध्ये टोनी शे या उद्योजकाने पस्तीस कोटी डॉलर ओतून हा भाग जिवंत करण्याचा संकल्प सोडला. आपल्या कंपनीचे मुख्यालय त्याने शहराच्या जुन्या महापालिका इमारतीत आणले. २०२० मध्ये त्याचे निधन झाले. काही दुकाने उरली, काही गेली. लिलावाच्या दिवसापासून या रस्त्याला एका धनिकाच्या स्वप्नाची सवय आहे.

परत फिरताना छताखाली पाहावे. रात्र चढलेली असते, तीन रंगमंचांवर तीन निराळी गाणी चाललेली असतात, डोक्यावरून दोरावर टांगलेली माणसे किंचाळत सरकत असतात. खाली फरसबंदीवर मात्र वर्तुळे आखलेली दिसतात, जेमतेम सहा फुटांची. न्यायालयात हरल्यावर शहराला कलावंतांना हाकलता येईना, तेव्हा २०१५ मध्ये नियम झाला की गर्दीच्या वेळी बहुरूपी, वादक, याचक यांनी नेमून दिलेल्या वर्तुळातच आपली कला दाखवावी. त्या वर्तुळात एखादा म्हातारा सॅक्सोफोन वाजवत असतो. छतावरच्या पाच कोटी दिव्यांपुढे त्याचा सूर फारसा ऐकू येत नाही. पण त्याला तिथून उठवता येत नाही.